शेवटच्या पोत्यापर्यंत

दत्तूने खांद्याने दार ढकलले, आणि आतून आलेल्या वासाने मला उंबऱ्याशीच थांबवले. भाताच्या तुसाचा वास. कोरडा, किंचित गोडसर, नाकातून शिरून डोळ्यांपर्यंत चढणारा. गिरणी बंद होऊन किती वर्षे झाली ते दत्तूलाही नक्की सांगता आले नाही. यंत्रे गेली, चामड्याचे लांब पट्टे गेले, भिंतीवरचा खडूचा हिशेब पुसला गेला. वास मात्र कुणाला उचलून नेता आला नव्हता.

"मावशी, जपून या. खाली खड्डं हायत."

दत्तू येशीचा मुलगा. येशीला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेराव्याला मला जाता आले नाही, म्हणून आज सकाळी मी कळंबला गेले होते. चहा झाल्यावर दत्तूने कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. "आईनं सांगितलं व्हतं, ही तुमच्याच हाती द्यायची. आत कागदं हायत जुनी. मला काय त्यातलं कळत नाय."

मला कळले. दोऱ्याने शिवलेली चार पाने, चहाच्या रंगाची झालेली. नाटकात प्रत्येकाच्या वाट्याची वाक्ये वेगळी उतरवून देतात, त्या कागदांना नक्कल म्हणतात. ही येशीची नक्कल होती. पहिले पान मी कळंबलाच उघडले. दुसरे गाडीत उघडले. तिसऱ्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होते, म्हणून ते उघडले नाही. दत्तूला म्हटले, जाता जाता कर्जतला त्या गिरणीपाशी थांबशील का?

येशी मला या गिरणीत भेटली त्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून माणसे मुलाबाळांसकट नातेवाइकांकडे आली होती, आणि कर्जतच्या घराघरात दोन-दोन बिऱ्हाडे नांदत होती. रॉकेल मिळत नव्हते, कापड मिळत नव्हते. सुट्टी लागली तशी ही सगळी पोरे दिवसभर रस्त्यावर, नदीवर आणि दुसऱ्यांच्या आंब्यांखाली. मोठी माणसे हैराण झाली. अशात भाऊमास्तर आपल्या बहिणीकडे राहायला आले.

भाऊमास्तर एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. आयुष्यभर विंगेत उभे राहून त्यांनी दुसऱ्यांना वाक्ये पुरवली. कंपनी बुडाली आणि त्यांच्या डोक्यात पाठ झालेली वीसेक नाटके घेऊन ते परत आले. उन्हाळ्यात गिरणीला काम नसायचे. त्यांनी मालकाकडून एक महिना शेड मागून घेतली आणि गावात सांगितले, ज्यांना घरातली पोरे नकोशी झाली असतील त्यांनी दुपारी ती माझ्याकडे पाठवा.

आम्ही एकवीस जण जमलो. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला शेडच्या एका टोकाला उभे केले. दुसऱ्या टोकाला रिकाम्या बारदानाची थप्पी होती आणि तिच्यापुढे कोंड्याची पोती रांगेने मांडलेली. "आवाज त्या शेवटच्या पोत्यापर्यंत गेला पाहिजे," ते म्हणाले. "ओरडायचं नाही. ओरडतो तो घाबरलेला असतो. शब्द हातात घ्यायचा आणि तिथं नेऊन ठेवायचा." शेवटच्या पोत्यावर एकाला बसवायचे. त्याला ऐकू आले की त्याने हात वर करायचा. ऐकू आले नाही तर हात मांडीवर.

माझ्या वेळी हात मांडीवरच राहिला. तीनदा.

"अगं, हे बोलणं आहे की उंदराच्या घरचं बारसं?" भाऊमास्तर म्हणाले. सगळे हसले. मी अकरा वर्षांची होते आणि पुस्तके सोडून कुणाशीच फारशी बोलत नव्हते. मला वाटले, उद्यापासून यायचे नाही. तेवढ्यात शेवटच्या पोत्यावरून खणखणीत आवाज आला, "हसू नका रं! तिचं ओठ दिसत्यात मला. ती बोलतीय!"

ती येशी. कळंबच्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे मामा या गिरणीवर कामाला होते आणि आवारातल्याच दोन खोल्यांत राहायचे. सुट्टीत ती मामीच्या हाताखाली आली होती. नाटकवर्गात तिला कुणी बोलावले नव्हते. ती अंगण झाडायला आली आणि पोत्यावर बसून राहिली. भाऊमास्तरांनी तिला विचारले, "तुला यायचंय का?" ती म्हणाली, "मी आलेलीच हाय की."

त्या दिवसापासून दुपारी जेवण झाले की मी आवाराच्या फाटकाशी जाऊन हाक मारायची, "येशे, हाय का गं?" मुद्दाम तिच्याच बोलीत. आतून उत्तर यायचे, "ऐकू नाय आलं!" ऐकू आलेले असायचेच. पण ती दार उघडायची नाही. मी पुन्हा हाक मारायची, जरा मोठ्याने. "ऐकू नाय आलं!" चौथ्या-पाचव्या हाकेला शेजारच्या घरातले कुत्रे भुंकू लागायचे. मग ती कडी काढून हसत बाहेर यायची, "हाय! हाय की. एवढी काय वराडतीस?" दारामागून मिळालेल्या या शिकवणीने माझा आवाज हळूहळू पोत्यांच्या निम्म्या रांगेपर्यंत पोचू लागला. त्यापुढे नाही. भाऊमास्तरांनी मला प्रॉम्प्टर केले. "कुजबुजणारं माणूस नाटकाला लागतंच," ते म्हणाले. पुस्तक माझ्या हातात आले आणि मला फार सुरक्षित वाटले.

नाटक त्यांनीच रचलेले, तीन प्रवेशांचे. राजा, राणी, त्यांचा लहान मुलगा. मुलगा नदीवर जातो, पूर येतो, शिपाई त्याचा वाहून आलेला फेटा घेऊन दरबारात येतात. राणी आकांत करते. शेवटच्या प्रवेशात एका कोळ्याच्या झोपडीत राजपुत्र जिवंत सापडतो. राजा झाला डॉक्टरांचा बंड्या, कारण त्याच्या घरी मखमलीची टोपी होती. राणी झाली येशी, कारण शेवटच्या पोत्यावरचा हात पहिल्या दिवसापासून तिच्याच आवाजाला वर जात होता. मुंबईच्या दोन मुलींनी नाके मुरडली. बंड्या पहिल्याच तालमीत वाकून म्हणाला, "राणीसरकार, आमी-तुमी भाकर खायाची काय?"

"तू खा रं," येशी म्हणाली. "तुझंच प्वाट पुढं आलंय. प्रजेला वाटंल राजाच बाळंत व्हनार हाय."

भाऊमास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

हे सगळे हसण्याचे दिवस दहाएकच. मग एका दुपारी येशीचे मामा तालमीच्या मध्येच आत आले, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. पनवेलला मुलींच्या एका वसतिगृहाच्या बाई होत्या. वर्षाला गावाकडची एखादी मुलगी त्या शिकायला ठेवून घेत. येशी चौथी पास होती आणि कळंबला त्यापुढे शाळा नव्हती. मामांनी कुणाकरवी शब्द टाकला होता. बाई कर्जतला येणार होत्या, नेमक्या नाटकाच्या दिवशी. "पोरगी बोलायला कशी आहे ते बघते, मग ठरवते," असा त्यांचा निरोप होता.

"बाई बोलन्याच्या बाबतीत लई कडक हायत म्हनं," मामा म्हणाले. "हिच्या बापानं सांगितलंय, बाईनं घेतली तर शिकंल. नाय घेतली तर यंदापासून भाताच्या लावनीला उभी ऱ्हाईल. पुना इचारायचं नाय."

तालमीत फेट्याऐवजी येशीच्या हातात एक गमछा असायचा. तो ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

त्या दिवसापासून शेडमधला वारा बदलला. तेच ऊन पडलेले पत्रे, पत्र्याच्या भोकांतून जमिनीवर उतरलेली तीच उन्हाची नाणी, दारापाशी करवंदांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या ठाकरणींच्या हाका, हवेत तरंगणारा कोंडा. पण आता येशी बोलू लागली की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायचो. चूक केव्हा होते याची वाट बघत. बंड्यासुद्धा थट्टा करेनासा झाला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

भाऊमास्तरांनी तिला तिची वाक्ये सांगून तिच्याच हाताने उतरवून घ्यायला लावली. येशीने ऐकले तसे नाही, बोलते तसे लिहिले. 'मी राणी हाय.' 'आमाला ठाव नाय.' त्यांनी ती चार पाने माझ्याकडे दिली. "तू वाचणारी आहेस. लाल पेन्सिल घे. यातले सगळे हाय काढ आणि आहे कर. नाय तिथं नाही. आमी तिथं आम्ही."

ती लाल पेन्सिल मला आजही बोटांत जाणवते. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी, वडिलांच्या कचेरीतून आणलेली. मी ओटीवर बसले आणि एका बैठकीत काम संपवले. हाय दिसला की आडवी रेघ, वर बारीक अक्षरांत आहे. मला वाटत होते, मी कुणाला तरी शिकवते आहे. इतकी महत्त्वाची मी त्याआधी कधीच नव्हते.

मग आम्ही एक खेळ काढला. नदीच्या काठी, करंजाच्या सावलीत, पाय पाण्यात सोडून. मी म्हणायची, "हाय." तिने लगेच म्हणायचे, "आहे." मी म्हणायची, "नाय." ती, "नाही." आधी सावकाश, मग भरभर, मग मध्येच फसवून. मी मागून जाऊन तिच्या कानात हळूच "हाय" म्हणायची आणि दचकून तिच्या तोंडून "आहे" निघायचे. आठ दिवसांनी तिला विचार करावा लागेना. माझा हाय कानात पडला की तिचा आहे तयार.

"आता झोपंतनं उठवलंस तरी चुकनार नाय," ती म्हणाली.

"नाही."

"चुकणार नाही," ती म्हणाली, आणि पायाने पाणी उडवून मला भिजवले.

भाऊमास्तरांचा एक नियम होता. रडण्याची वाक्ये तालमीत म्हणायची नाहीत. त्यांच्या कंपनीचा तसा रिवाज होता. तालमीत रडले की डोळ्यातले पाणी शिळे होते, असे ते म्हणत. शिवाय मामीनेही बजावले होते, भरल्या घरात पोराच्या नावानं उगीच आकांत करायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रवेशात शिपाई फेटा घेऊन आले, राणीने तो हातात घेतला, की भाऊमास्तर हात वर करून म्हणत, "इथं आकांत," मी पुस्तकातले ते पान न वाचताच उलटायची, आणि नाटक पुढे जाई. रंगीत तालमीतसुद्धा. राणीची बाकी सगळी वाक्ये आम्ही शंभरदा ऐकली. ती तेवढी कुणीच ऐकली नाहीत.

नाटक भर चार वाजता ठेवले होते. रॉकेल नसल्याने गॅसबत्तीचा प्रश्नच नव्हता. उन्हातच नाटक. बारदान शिवून केलेल्या पडद्याला गेरूने कमळे काढली होती. तोंडाला तांदळाची पिठी. राणीला भाऊमास्तरांच्या बहिणीचा लग्नातला शालू, वाळ्याचा वास येणारा, येशीला इतका मोठा की पाठीमागे चार ठिकाणी टाके घातले होते. मी तिच्या कपाळाला कुंकू लावले तेव्हा तिचे कपाळ थंडगार लागले. इतक्या उकाड्यात.

"बाई आल्या?" तिने विचारले.

मी पडद्याच्या फटीतून पाहिले. पुढच्या बाकावर पांढरे पातळ, काळी छत्री, चष्मा. मागे शहरातली मंडळी, त्यांच्या मागे गिरणीवरची माणसे. अगदी मागे शेवटच्या पोत्यावर येशीचे मामा, आणि शेजारी एक उन्हाने रापलेला माणूस, हात गुडघ्यांवर ठेवून.

"तुझे वडीलपण आलेत."

"बाबा?" ती म्हणाली.

घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगला होता. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरीला पडदा वर गेला आणि मी विंगेत पुस्तक उघडून बसले.

पहिला प्रवेश निर्विघ्न पार पडला. येशी बोलत होती आणि तिचे 'आहे' एकेक करून शेवटच्या पोत्यापर्यंत जात होते. बाई मान किंचित पुढे काढून ऐकत होत्या. दुसरा प्रवेश सुरू झाला. आता पुढे काय आहे ते पाहावे म्हणून मी पान उलटले, आणि पुस्तकात भाऊमास्तरांच्या टपोऱ्या अक्षरांत मला ते दिसले:

'राणी (फेटा उराशी धरून): हाय! हाय! गेला माझा बाळ!'

हा हाय कळंबचा नव्हता. हा नाटकातला हाय. दुःखाचा. जुन्या नाटकांत छाती पिटून म्हणतात तो. आणि मी तो पुस्तकात आता पहिल्यांदा पाहत होते, पण येशीच्या अक्षरात आधी पाहिला होता. तिसऱ्या पानावर. तिने तो अगदी बरोबर उतरवून घेतला होता, आणि माझी लाल पेन्सिल त्याच वेगात त्याच्यावरूनही गेली होती.

येशी रंगमंचावर होती, माझ्यापासून बारा पावलांवर, राजाच्या डावीकडे. भाऊमास्तर पलीकडच्या विंगेत. शिपाई फेटा घेऊन माझ्या शेजारून आत गेले. मी एकाचा अंगरखा धरला, पण त्याने तो सोडवून घेतला. मी "येशे" म्हटले. तो शब्द माझ्या ओठांवरच राहिला.

"महाराज," शिपाई म्हणाला, "नदीच्या पाण्यावर हा एवढा फेटाच सापडला."

येशीने फेटा घेतला. शेड इतकी शांत झाली की पत्र्यावर कावळ्याची नखे वाजलेली ऐकू आली. तिने फेटा उराशी धरला, आणि ती थांबली. तिची नजर विंगेत माझ्याकडे आली. ती विसरली होती की नुसती दम घेत होती, मला आजवर कळलेले नाही. मला एकच दिसले की अजून वेळ आहे. मी होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि सांगितले:

"हाय! हाय!"

आणि नदीकाठच्या त्या आठ दिवसांनी तिच्या तोंडून उत्तर दिले. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या पोत्यापर्यंत:

"आहे! आहे!"

आधी मुंबईच्या मुली हसल्या. मग त्यांच्या आया. मग शेडभर हशा पिकला. बंड्याने तोंड फिरवले, त्याची मखमली टोपी थरथरत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. येशी माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडावर काय होते कोण जाणे, पण तिला सगळे कळले. चूक झाली आहे, आणि ती कुणाची आहे, तेसुद्धा.

ती हलली नाही. हशा ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली, फेटा दोन्ही हातांनी धरून, जसे झोपलेले मूल धरतात. मग तिसऱ्यांदा म्हणाली. हळू. ओरडली नाही.

"आहे. माझा बाळ आहे. कोण म्हणतं गेला? पाण्यानं फेटा आणला, बाळ नाही आणला. मी त्याची आई आहे. मला ठाऊक आहे. तो कुठंतरी आहे."

तिने फेटा खाली ठेवला नाही. डोळ्यांत पाणीही आणले नाही. मागे गिरणीवरच्या बायांत कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला, "आईला कळतंय गं बाय." पुढच्या बाकांवरचे हसू जिथल्या तिथे वाळून गेले. आणि शेडच्या टोकाला मामांचा हात वर गेलेला मला दिसला. तालमी बघून लागलेल्या सवयीने असेल. ऐकू आले, एवढेच सांगणारा हात.

पडदा पडल्यावर बाई आत आल्या. छत्रीचे टोक जमिनीला टेकवून त्यांनी येशीकडे पाहिले.

"दुसऱ्या प्रवेशातली ती वाक्यं पुस्तकात आहेत का?"

पुस्तक माझ्या छातीशी होते. भाऊमास्तरांनी ते मागायला हात पुढे केला. मी दिले नाही.

"नायत, बाई," येशी म्हणाली.

इतक्या दिवसांची मेहनत त्या एका शब्दात सांडली होती.

"नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाहीत."

"मग आली कुठून?"

"तोंडात आली."

"आणि ते आधीचं? आहे, आहे?"

येशीने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. बाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. सांगायला चार शब्द लागले असते. मी सांगितले नाहीत. का नाही, त्याचे उत्तर शोधायला मला सगळे आयुष्य मिळाले, आणि ते सापडले नाही.

"ती चूक माझी, बाई," येशी म्हणाली.

बाईंनी 'हं' केले. छत्री उचलली आणि त्या निघून गेल्या. बाहेर येशीचे वडील हात जोडून उभे होते. त्यांच्याशीही त्या काही बोलल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे मी हाक मारायला गेले नाही. फाटकापर्यंत जायची आणि करवंदे घेऊन परतायची. शेडमधला पडदा उतरवून पुन्हा पोती झाली. मुंबईची मंडळी हळूहळू परतू लागली. भाऊमास्तर ओटीवर बसून स्वतःशीच कुठल्यातरी नाटकाची वाक्ये पुटपुटत. कळंबला पेरणीआधीची शेते भाजून झाली होती आणि येशीचे वडील तिला न्यायला दोनदा येऊन मामांच्या शब्दाखातर परत गेले होते. तिसऱ्यांदा आले की संपले. तो तिसरा दिवस कधी येतो याची वाट बघत मी रोज पहाटे जागी होत असे.

त्याच्या आधी बाईंचे कार्ड आले. दोन ओळींचे. मुलीस दोन लुगडी व तांब्या देऊन पाठवावे.

येशी शिकली. पुढे कशेळ्याला शाळेत मास्तरीण झाली आणि तिथेच निवृत्त झाली. दर मे महिन्यात, सरकारने सांगितलेले नसताना, ती वाड्यापाड्यांवरची मुले जमवून नाटक बसवायची. शेवटच्या रांगेत एका पोराला बसवायची आणि ऐकू आले की हात वर कर म्हणायची. तिच्या वर्गात हाय आणि आहे दोन्ही चालत. "आधी मूल बोलू दे, मग त्याची भाषा धुवू," ती म्हणे. मी एकदा तिचे नाटक बघायला गेले होते. मुलांना ती हीच गोष्ट सांगत होती. "मी भर नाटकात चुकले, आणि चुकीनंच नाटक तारलं." सांगताना तिने माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिचकावले. तेव्हाही मी काही बोलले नाही. मुलांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गेल्या महिन्यात ती आजारी असल्याचे दत्तूने कळवले, तेव्हा मी ठरवले होते, या वेळी जायचे आणि सांगायचे. येशी, ती रेघ माझी होती. तिला ठाऊकच होते, हे मला ठाऊक होते. तरी एकदा माझ्या तोंडून. रविवारी जाणार होते. ती शुक्रवारी गेली.

शेडच्या या टोकाला पूर्वी विंग होती. तिथे एक मोडका लाकडी खोका पडला आहे. मी त्याच्यावर बसले. पत्र्याची भोके वाढली आहेत, जमिनीवर उन्हाची नाणी आता पायलीभर झाली आहेत. दत्तू बोलत बोलत पार पलीकडच्या टोकाला गेला आहे, कुणाचा तरी फोन आलाय. मी पिशवीतून नक्कल काढली आणि तिसरे पान उघडले.

पेन्सिलीची लाल रेघ अजून लाल आहे. येशीच्या वाकड्या अक्षरातल्या 'हाय! हाय!' वरून ती सरळ गेली आहे, आणि वर माझ्या नीटस, लहान, गर्विष्ठ अक्षरांत 'आहे! आहे!' त्यापुढे 'गेला माझा बाळ.' तसेच. तेवढे मी वाचलेसुद्धा नव्हते.

पण त्या पानावर आणखी काहीतरी होते, आणि ते मला ठाऊक नव्हते. माझ्या त्या 'आहे! आहे!' शेजारी निळ्या शाईत एक खूण. मास्तरणी वहीत करतात तशी, एका झटक्यात केलेली, शेपटी वर गेलेली. आणि तिच्याखाली येशीच्या नंतरच्या, वळणदार, फळ्यावरच्या अक्षरांत एकच शब्द.

'बरोबर.'

कधी लिहिला असेल? कुठल्या मे महिन्यात, कुठल्या मुलांच्या वह्या तपासताना? शाई पुसट झालेली नाही. मी त्या शब्दावर बोट ठेवून बसून राहिले. मग उभी राहिले. शब्द हातात घेतला.

"येशे! हाय का गं?"

पत्र्यावरची कबुतरे एकदम उडाली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पलीकडे, जिथे कोंड्याची पोती असायची तिथे, दत्तू दचकून वळला. त्याच्या कानाला फोन होता. त्याला मधलेच दोन शब्द ऐकू आले असावेत. त्याने हात वर केला.

"हाय, मावशी, हाय! हितंच हाय."